उन्हाळ्यात चकाचक, पोळ्याला पोपडे: भिंतींच्या 'केमिकल'वाल्यांपासून सावध राहा

कापसाचे पैसे हातात आले आणि घरात लग्न ठरलं, की हे लोक टेम्पो घेऊन गावात शिरतात. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, तर हमखास, कारण तिथे लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागलेली भिंत शोधावी लागत नाही. "काका, आमचं केमिकल भिंतीत मुरते, दहा वर्षं ओल येत नाही." भाव चौरस फुटावर, अर्धे पैसे आधी, बिल नाही. गॅरंटी म्हणून छापील कागद, त्यावर फक्त मोबाईल नंबर.

काम दोन दिवसांत उरकतं. फुगलेली छपाई (प्लास्टर) काढतच नाहीत. पोपडे पत्र्याने खरवडायचे, डब्यातलं दुधासारखं पाणी ब्रशने मारायचं, वरून पीओपी, पुट्टी आणि रंग. खालचे तीन-चार फूट जास्तच खराब असतील तर लाकडी पट्ट्या ठोकून पीव्हीसी पॅनल. लग्नात पाहुणे वाहवा करून जातात.

एप्रिल-मे निवडतात ते उगाच नाही. तेव्हा जमीन सुकलेली असते, भिंतही कोरडी भासते. मृग लागला की पाया ओल ओढतो आणि ती विटांमधून साधारण तीन फुटांपर्यंत चढते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे खडे पृष्ठभागाखाली वाढतात आणि रंग, पुट्टी, छपाई सगळं बाहेर ढकलतात. पीओपी म्हणजे जिप्सम, ते ओलीत भुसभुशीत होणारच. पॅनलमागचा प्रकार आणखी वाईट, कारण तो दिसत नाही. पॅनल उचकटलं की छपाईचा भुगा ओंजळीने निघतो, काळी बुरशी धरलेली असते आणि लाकडी पट्टीवर उधईच्या मातीच्या नळ्या. तोवर फोन बंद.

पुट्टीत वेगळी लूट. 12 बाय 10 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे दारं-खिडक्या सोडून साधारण 400 चौरस फूट भिंत. दोन हातांना 40 किलोची एक बॅग पुरते. हे हिशेबात पाच लावतात. खरंच पाच लागल्या असतील तर खड्डे पुट्टीने बुजवले समजा, आणि दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर गेलेली पुट्टी तडकते. खडूची भुकटी मिसळली का ते पाहायला वाळलेल्या पुट्टीवर ओलं फडकं घासा, भेसळ असेल तर पुट्टी विरघळून फडक्याला पांढरी लागते.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग पुट्टीने झाकू देऊ नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यासोबत पाया हलतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. रेघेपुढे सरकली तर आधी पाया दाखवा.

सौदा करण्याआधी दोन फुटी प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा, तेही शक्यतो पावसाळ्यात. थेंब आतून धरले तर ओल भिंतीतली. मग पाणी कुठून येतं ते पाहायचं: न्हाणीची मोरी, पागोळ्या, भिंतीला टेकलेला मातीचा भराव. ते थांबवल्याशिवाय आतून काहीही लावा, वाया जातं.

खरं काम असं: ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत छपाई विटेपर्यंत काढायची, सांधे अर्धा इंच खरवडायचे, कोरड्या ब्रशने क्षार झाडायचे (धुवायचे नाहीत, धुतले की परत आत जातात) आणि भिंत सुकू द्यायची. मग एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती), 50 किलो सिमेंटला 200 मिलि वॉटरप्रूफिंग, सात दिवस तराई (पाणी मारणं), रंग महिन्याने. रेती धुतलेली, पाणी गोडं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने माल कालवला तर लोणा आपणच भिंतीत भरला. मातीच्या भिंतीला मात्र सिमेंट लावूच नका. ते ओल आत कोंडतं आणि पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे माती-चुनाच.

पैशांपैकी चौथा हिस्सा पोळ्यानंतर देण्याचं कागदावर लिहून घ्या. पक्का मिस्त्री कुरकुरेल पण ऐकेल. टेम्पोवाला तिथूनच निघून जाईल. फसलाच असाल तर पैसे दिल्याचा पुरावा, कागद आणि भिंतीचे फोटो सांभाळा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी नाही.