शिक्का, बँड की ‘एकदाच प्रवेश’? छोट्या वॉटर पार्कच्या गेटवर काय ठेवावं

तिकीट काढून आत आलेल्या माणसाला मधे बाहेर जाऊन त्याच दिवशी परत आत येऊ द्यायचं का? सातारा-सांगलीकडे वॉटर पार्क किंवा पाण्याचे खेळ असलेलं कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्याला हंगामाच्या आधी हे एकदा ठरवावंच लागतं. परत घ्यायचं ठरलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: त्याने पैसे भरलेत हे गेटवर ओळखायचं कशावरून?

आपल्या आकाराच्या पार्कला पर्याय तीनच. एकदा बाहेर पडलं की तिकीट संपलं, हा पहिला. हातावर शिक्का मारून परत घेणं, हा दुसरा. मनगटाला बँड बांधणं, हा तिसरा. मोठ्यांची यंत्रणा वेगळी असते. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये गेटवर बोट स्कॅन करत आलेत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये अनेक वर्षं हातावर शिक्का मारत, नंतर तिथे तिकिटाला फोटो जोडायला लागले. आपल्याकडे फोटो घ्यायचे म्हटले तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीचा विषय येतो. मे महिन्यातल्या रविवारी तिकीट खिडकीवर ते सांभाळणं आपल्या माणसांच्या आवाक्यातलं नाही, म्हणून तो पर्याय इथे धरलेला नाही.

एकदाच प्रवेश: कागदावर सगळ्यात सोपा

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. गेटवर एक माणूस पुरतो. विकलेली तिकिटं आणि आत गेलेली डोकी यांचा हिशेब सरळ राहतो. कुणी पार्किंगमध्ये जाऊन दारू पिऊन परत स्लाइडवर चढत नाही, आणि हा धोका किरकोळ समजू नये. तिकिटात नाश्ता आणि जेवण धरलेलं असेल तर लोकांना बाहेर जायचं कारणच फारसं उरत नाही. चुलीवरच्या जेवणासह पॅकेज देणाऱ्या कृषी पर्यटन केंद्रांना हीच पद्धत पुरेशी आहे असं मला वाटतं.

अडचण येते ती नुसतं प्रवेशाचं तिकीट विकणाऱ्या पार्कला. विटा, तासगाव, कराड, कोरेगाव अशा ठिकाणांहून येणारं कुटुंब डबा घेऊन निघतं. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून डबा गाडीत राहतो. गाडीत आणखीही काही राहिलेलं असतं: बाळाची दुधाची बाटली, आजोबांची साखरेची गोळी, दम्याचा पंप, कोरडे कपडे. पाण्यात न उतरणारी आजी सावलीला गाडीतच बसलेली असते. बारा-साडेबाराला यातलं काहीतरी लागतं आणि माणूस गेटवर येतो.

गेटवरचा पोरगा आधी नाही म्हणतो. मग औषध म्हटल्यावर सोडतो, आणि सोडायलाच हवं. त्यानंतर मालकाच्या ओळखीचे येतात, मग सरपंचांचे पाहुणे, मग गेटवाल्याच्याच गावचे. आपल्या भागात कुणी ना कुणी कुणाचा तरी पाहुणा निघतोच. दुपारी दोनपर्यंत ‘एकदाच प्रवेश’चा अर्थ ‘ओळख नसेल त्याला एकदाच’ असा होऊन बसतो. रांगेत उभं असलेलं अनोळखी कुटुंब हे सगळं बघत असतं. नियम कडक असल्याचा राग लोकांना कमी येतो, माणूस बघून नियम बदलल्याचा जास्त येतो. अपवाद होणारच असतील तर ते नियमातच बसवलेले बरे.

शिक्का: स्वस्त, पण डब्यापुढे टिकत नाही

शिक्क्याला खर्च नगण्य आहे. रबरी शिक्का, पॅड आणि शाईची बाटली एवढ्यावर हंगाम निघतो. माणूस बाहेर जाताना शिक्का मारायचा, परत येताना बघायचा. सकाळी आत येतानाच मारून ठेवला तर काही उपयोग नाही. पाण्यातलं क्लोरीन शाईतला रंग तोडतं आणि तासन् तास भिजलेल्या कातडीवरून उरलेलाही निघून जातो.

बाहेर जाताना मारायचा म्हटलं तरी हात ओला असतो आणि ओल्या हातावर शाई पसरते. म्हणून गेटवर कोरडं फडकं हवं. आधी मनगट टिपायचं, मग शिक्का, आणि तो वाळेपर्यंत थांबवायचं. ओला शिक्का दुसऱ्याच्या हातावर दाबला की तिथेही उमटतो, ही युक्ती दहावीतल्या पोरांना न शिकवता येते. त्यावर उपाय आहे. शिक्का गोल, चांदणी, फूल अशा दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या आकाराचा न घेता अक्षराचा घ्यावा, ‘सा’ किंवा ‘क’. दाबून घेतलेला शिक्का आरशातल्यासारखा उलटा येतो आणि नजर टाकताच कळतो. अक्षर रोज बदलावं. शाई लाल किंवा हिरवी बघून घ्यावी, कारण उन्हाने रापलेल्या हातावर जांभळी शाई धड दिसत नाही.

माझ्यासाठी शिक्क्याचा निकाल लागला तो यातल्या कशामुळेही नाही. तो लागला हात धुण्यामुळे.

माणूस बाहेर जातो कशाला? बहुतेक वेळा जेवायला. डब्यात भाकरी, भाजी, ठेचा. जेवण हाताने. आधी हात धुवायचे, जेवल्यावर तेलकट हात साबण लावून पुन्हा धुवायचे. पोरांचे हात तर आई मनगटापर्यंत चोळून धुते. म्हणजे ज्या कामासाठी बाहेर सोडलं, त्याच कामात शिक्का पुसला जातो. तळहाताच्या मागे मारा, मनगटाच्या आतल्या बाजूला मारा, थोडाफार फरक पडतो इतकंच. कोपराच्या वर मारला तर टिकतो जास्त, पण अनोळखी बाईच्या दंडावर शिक्का मारायला गेटवरच्या पोराला सांगणं मला पटत नाही, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक वेळी बाई कर्मचारी ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

मग अडीच वाजता सहा माणसांचं कुटुंब गेटवर येतं. चौघांच्या हातावर पुसट काहीतरी दिसतं, दोघांच्या हातावर काहीच नाही. तिकिटाचा कागद भिजून लगदा झालेला. पैसे भरलेला, खरं बोलणारा माणूस बायकापोरांसमोर ‘अहो, आत्ताच तर गेलो होतो’ म्हणून पटवत राहतो. गेटवाल्याला खरा कोण आणि खोटा कोण हे खरंच कळत नसतं. सोडलं तर फुकटे घुसतात, अडवलं तर खऱ्याचा अपमान होतो. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकावर ते सिद्ध करायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शिक्क्याची पद्धत ही वेळ रोज आणते.

यावर कुणी न दिसणारी शाई सुचवतात, अतिनील टॉर्चखाली चमकणारी. संध्याकाळच्या मेळ्यात ती चांगली चालते. भर दुपारी गेटवर मात्र ती चमक डोळ्यांना दिसत नाही, हात घालायला अंधारी पेटी करावी लागते. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची असते. तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की शिक्का त्यात हरवतो, त्यामुळे ३६५ ची घ्यावी लागते. वरून सनस्क्रीन चोपडलेलं असेल तर ते अतिनील किरण शोषून घेतं आणि शिक्का असूनही दिसत नाही. मतदानाची शाई का नको, असंही विचारलं जातं. १९६२ पासून निवडणुकांना म्हैसूरहून येणाऱ्या त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. तिचा डाग दिवसेंदिवस जात नाही, म्हणजे कालचा माणूस आणि आजचा माणूस यांतला फरकच कळणार नाही.

बँड: नीट बांधला तर

बँड म्हणजे टायवेकचा, कागदासारखा दिसणारा पट्टा. तो कागद नसतो. पॉलिइथिलीनच्या धाग्यांचं ते दाबून केलेलं पान असतं, म्हणून पाण्यात लगदा होत नाही आणि हाताने सहज फाटत नाही. लांबी साधारण २५ सेंटीमीटर, रुंदी १९ किंवा २५ मिलिमीटर. चिकटणाऱ्या टोकाला बारीक कापे दिलेले असतात. उपटून पुन्हा चिकटवायला गेलं की त्या काप्यांवर तो फाटतो आणि लबाडी उघडी पडते. एका बँडला काही रुपये पडतात, शिक्क्याला काहीच नाही. हा फरक खरा आहे आणि गर्दीच्या हंगामात तो जाणवतो.

बँड बिघडतो तो बहुतेक बांधताना. खिडकीवर घाईत सैल बांधला की मुठीतून सरकून निघतो आणि कुंपणावरून दुसऱ्याला मिळतो. बोट आत घातलं तर एकच बोट जाईल इतपतच घट्ट हवा. चिकट भाग पूर्णपणे बँडवरच बसला पाहिजे. कातडीला टेकला तर पुरुषांच्या हातावरचे केस ओढतात, आणि मग तो माणूस स्वतःच बँड ओरबाडतो. पट्ट्यावर तेल किंवा पाणी लागलेलं असेल तर डिंक धरत नाही, त्यामुळे बँड पाण्यात उतरायच्या आधी, तिकीट खिडकीवरच बांधायचा. लहान मुलाला बांधल्यावर टोक लोंबतं आणि पोरं ते चावत बसतात. कात्रीने कापून टाकावं. हातभर बांगड्या असलेल्या बाईला बांगड्यांच्या खाली, तळहाताच्या बाजूला बांधला तर तो सरकत खाली येतो. बांगड्यांच्या वर, कोपराकडे बांधावा. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) असलेल्या हाताला काहीच आवळायचं नसतं, तेव्हा विचारून दुसरा हात घ्यावा.

बँड तपासायची खरी वेळ बाहेर जाताना असते. बहुतेक पार्कवाले परत येताना तपासतात आणि वाद तिथेच होतो. माणूस बाहेर निघाला की गेटवाल्याने बँडला हलकासा ओढा द्यावा. सैल निघाला तर तिथल्या तिथे कापून नवा बांधावा आणि जुन्याचा नंबर वहीत लिहावा. तेव्हा कुणाचीच तक्रार नसते, कारण अजून कुणाला अडवलेलं नसतं.

नंबर असलेलेच बँड घ्यावेत आणि बिलावर ते नंबर लिहावेत. समजा, बिल २१४, बँड ३३०१ ते ३३०६. खिडकीवरचं एवढं एक वाक्य दुपारची सगळी हुज्जत वाचवतं. बँड तुटला तर माणूस तुकडे घेऊन येतो, नंबर बिलाशी जुळतो, नवा बँड मिळतो. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लोकांना सांगावं, कारण कागद भिजणारच. संध्याकाळी सुरुवातीच्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत गेलेले बँड मोजावेत, त्यातून बदललेले वजा करावेत, आणि उरलेली संख्या विकलेल्या तिकिटांशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर गळती खिडकीवर आहे की गेटवर, हेही त्यातून कळतं. शिक्क्याच्या पद्धतीत हे कळायला मार्गच नाही.

रंग रोज बदलावा, पण वाराप्रमाणे ठरलेला ठेवू नये. ‘सोमवारी पिवळा’ हे लोकांच्या ध्यानात आलं की जुने बँड जपून ठेवले जातात. सकाळी पेटीतून कुठलाही रंग काढावा.

बँड आला म्हणून दिवसभर ये-जा मोकळी ठेवावी असं मात्र नाही. दहा ते साडेपाचच्या पार्कला बारा ते तीन बाहेर जाण्याची वेळ आणि चारपर्यंत परत येण्याची मुभा पुरते. औषध आणि लहान बाळ यांना वेळेचं बंधन नको. दारूचा वास आला तर प्रवेश नाही आणि पैसेही परत नाहीत, हे तिकिटावर आणि गेटवर ठळक मराठीत लिहावं. पार्किंगमध्ये सावली, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कचऱ्याचे ड्रम लागतात, नाहीतर खरकटं आणि पत्रावळ्या शेजारच्या उसात जातात आणि शेतकरी भांडायला येतो. ओल्या पायांनी तापलेल्या डांबरावर पोरं भाजतात, म्हणून गेटजवळ चपला ठेवायला मांडणी असावी.

परत येऊ दिलं की आतला स्टॉल बसतो, ही मालकांची भीती मला समजते. पण डबा घेऊन आलेलं कुटुंब अडवून ठेवलं तरी आतलं ताट घेईलच असं नाही. ते बहुधा उपाशी राहून तीनला घरी निघतं. जेवून परत आलेलं कुटुंब साडेपाचपर्यंत थांबतं, आणि पाण्यातून निघालेल्या माणसाला चारला चहा, भजी आणि भाजलेलं कणीस लागतंच. तुमचा स्टॉल मुख्यतः जेवणावर चालत असेल तर हा हिशेब वेगळा येऊ शकतो.

शाळेच्या सहलींना मात्र मी बँड बांधूनही बाहेर सोडायच्या विरोधात आहे. मुलांचे डबे आत एका शेडमध्ये खाऊ द्यावेत, मुलांना एका रंगाचा आणि शिक्षकांना दुसऱ्या रंगाचा बँड द्यावा, आणि गेटमधून फक्त शिक्षकांचा रंग बाहेर जावा. दीडशे मुलं एसटीच्या आसपास पांगली की ती मोजून परत आत आणण्यातच शिक्षकांची दुपार जाते.

बँड घ्यायचे ठरवलं तर पूर्ण हंगामाचा माल उचलण्याआधी नमुना मागवा. एक बँड मनगटाला बांधा, पाण्याच्या बादलीत हात घालून साबण लावा, मग तो ओढून बघा. एक बँड पत्र्याच्या शेडमध्ये आठवडाभर ठेवून मग चिकटवून बघा. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली डिंक सुकतो आणि एप्रिलमध्ये धरणारा बँड मे अखेरीस सुटायला लागतो. साठा ऑफिसच्या कपाटात ठेवा, खिडकीवर रोजच्यापुरतेच काढा.