तळ नसलेला तंबू आणि एल्कचे दोन हंगाम : 31 रात्रींनंतरचा अनुभव

जुलै 2024 मध्ये मी मधल्या एकाच खांबावर उभा राहणारा, तळ नसलेला तंबू विकत घेतला आणि ऑक्टोबर 2025 पर्यंत कोलोरॅडोतील फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, मुख्यतः एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी, त्यात 31 रात्री काढल्या. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाल्यामुळे या साहित्याविषयी मराठीत सहसा कोणी लिहीत नाही. मात्र अमेरिकेत स्थायिक झालेले आणि रीतसर परवाना काढून शिकारीला जाणारे माझ्यासारखे काही मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

फ्लॅट टॉप्सला 1975 मध्ये संरक्षित रानाचा दर्जा मिळाला. तेथे मोटार तर नाहीच, पण सायकलही नेता येत नाही. पायी जायचे किंवा घोड्यावर. आमच्याकडे घोडे नाहीत. मी आणि माझा सोबती सगळे सामान पाठीवर घेऊन 10,000 फुटांच्या वर तळ ठोकतो, आणि शिकार साधली तर खरे ओझे त्यानंतर सुरू होते. मोठ्या नर एल्कचे हाडे काढलेले मांसही 90 किलोच्या आसपास भरते आणि ते तीन-चार खेपांत खाली आणावे लागते. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा येथे गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. त्यामुळे तंबूचे वजन हा आमच्यासाठी हौसेचा विषय नाही.

माझा तंबू सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा आहे. मध्यभागी उंची सात फूट, घेराचा व्यास साधारण 13 फूट. खांब आणि खुंट्या धरून वजन 1.9 किलो, टायटेनियमची घडीची शेगडी धुराड्यासह 1.2 किलो आणि अंथरायला मेणकापडासारखा पातळ तुकडा पाव किलोचा. एकूण 3.35 किलो दोघांत वाटून घेतले जातात. आमचा जुना दुहेरी कापडाचा तंबू 2.7 किलोचा होता, म्हणजे शेगडी धरली तर नवा तंबू जुन्यापेक्षा जड आहे, हे आधीच स्पष्ट करतो. विक्रेत्याने तो चार माणसांचा म्हणून विकला. शेगडी लावल्यावर त्यात दोन माणसे आणि त्यांचे सामान ऐसपैस मावते, तिसरा माणूस आला की कोणाचे तरी पाय कापडाला टेकतात.

असा तंबू घेऊ इच्छिणाऱ्याने कापड, आकार किंवा कंपनी पाहण्यापूर्वी आपण शेगडी नेणार आहोत की नाही, हे ठरवावे. बाकीचे सगळे निर्णय या एका निर्णयामागून येतात. पहिल्या वर्षी मला हे कळले नव्हते. सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाच्या हंगामात आम्ही वजन वाचवण्यासाठी शेगडी घरी ठेवली आणि एवढा मोठा तंबू नुसताच वर नेला. आत हवेचा एवढा मोठा पोकळ घुमट असतो की आपल्या अंगाच्या उबेने तो तापत नाही. शिवाय सात फूट उंचीच्या कापडावर वाऱ्याचा जोर चांगलाच बसतो. त्या नऊ रात्रींत मिळालेला फायदा एवढाच, की कपडे उभ्याने बदलता आले.

ऑक्टोबरमध्ये बंदुकीच्या हंगामात शेगडी नेली आणि त्याच तंबूने आपली किंमत वसूल केली. तिसऱ्या दिवशी दुपारपासून ओला बर्फ पडत होता. अंधार पडल्यावर आम्ही घोट्यापर्यंत चिखलाने भरलेल्या बुटांनी थेट आत आलो, शेगडीपाशी बसलो आणि तेथेच बूट काढले. तळ असलेल्या तंबूत हे करता येत नाही. तेथे दारातच ओणवे होऊन, बर्फात हात गारठवत बूट उतरवावे लागतात, आणि ते बूट रात्रभर बाहेरच्या कोपऱ्यात गोठून सकाळी दगडासारखे होतात. आम्ही मोजे, हातमोजे आणि बुटांचे आतले तळवे खांबाला बांधलेल्या दोरीवर वाळवले. पहाटे चार वाजता कोरडा मोजा पायात चढवता येणे म्हणजे काय, हे ज्याने पाचव्या दिवशी ओल्या मोज्यांनी डोंगर चढला आहे त्यालाच समजेल. त्या वर्षी आम्ही सहा रात्री टिकलो. आदल्या वर्षी तशाच हवेत तिसऱ्या सकाळी गाडीकडे परतलो होतो.

शेगडीकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नयेत. मनगटाएवढ्या जाडीची वीतभर लाकडे भरली तर ती पाऊण तास जळते. विझल्यावर दहा मिनिटांत आतली हवा बाहेरच्याइतकीच थंड होते. ती रात्रभर ऊब देत नाही, त्यामुळे झोपायची पिशवी थंडीच्या मानाने पुरेशी उबदार हवीच. झोपताना शेगडी पूर्ण विझवावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे बॅटरीवरचे यंत्र जवळ ठेवावे; या बाबतीत मी कोणतीही तडजोड करत नाही. धुराडे हा टायटेनियमचा पातळ पत्रा असतो, तो गुंडाळून नळी करायची असते. पहिल्यांदा तो हट्टीपणाने उलगडत राहतो, म्हणून पहिला जाळ घरच्या अंगणात करून घ्यावा. तापल्यावर पत्रा तो आकार धरतो आणि पुढे रानात, गारठलेल्या बोटांनीही नळी पाच मिनिटांत तयार होते.

दुसरी अडचण आगबंदीची. ऑगस्ट 2025 मध्ये मीकर गावाजवळ लागलेल्या ली वणव्याने एक लाखाहून अधिक एकर प्रदेश होरपळला. अशा कोरड्या वर्षी जंगलात निर्बंध येतात, आणि मग लाकडाची शेगडी तंबूच्या आत असली तरी बहुधा पेटवता येत नाही. झडपेने बंद करता येणारी गॅसची शेगडी तेवढी चालते. निघण्याच्या आदल्या दिवशी वन विभागाचे आदेश पाहावेत.

आतून साचणाऱ्या दवाबद्दल सगळेच विचारतात. एकेरी कापड असल्यामुळे ते साचतेच. शांत, निरभ्र रात्री ओढ्याच्या काठी तंबू लावला तर पहाटे कापडाला हात लागताच अंगावर पाणी गळते. याचे कारण तंबूपेक्षा जागेत जास्त असते, कारण थंड, दमट हवा रात्री दरीच्या तळाशी साचते. काठापासून चाळीस-पन्नास फूट उंचीवरच्या सपाट टप्प्यावर तळ हलवल्यापासून हा त्रास निम्म्याहून कमी झाला. पाऊस नसेल तेव्हा कापडाची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवावी. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मूलनिवासी लोक आपल्या टिपीला, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूला, आतून अस्तर लावत; आज विकले जाणारे सुटे अस्तर हीच जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर काम करते. मी ते दुसऱ्या वर्षी घेतले.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. 1939 च्या वादळात उन्मळलेल्या झाडांमधून साल पोखरणाऱ्या किड्यांची साथ पसरली आणि तिने 1940 च्या दशकात या पठारावरचे स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष प्रचंड प्रमाणात मारले. त्यांतले काही करडे बुंधे अजून उभे आहेत, आणि अलीकडच्या वणव्यांनी त्यांत भर घातली आहे. वठलेली झाडे सरपणासाठी उत्तम, पण त्यांच्या पडण्याच्या टप्प्यात तंबू कधीही लावू नये. एवढ्या घेराची सपाट, दगडविरहित आणि वठलेल्या झाडांपासून दूर असलेली जागा शोधण्यात आमचा एकदा पाऊण तास गेला. छोट्या तंबूला तेवढा वेळ लागला नसता.

कापडाविषयी थोडे. नायलॉन भिजले की सैल पडते, म्हणून पावसात झोपण्यापूर्वी बाहेर जाऊन ताण पुन्हा ओढावा लागतो. पॉलिएस्टर कमी सैलावते. डायनीमा नावाचे कृत्रिम कापड मुळीच सैलावत नाही आणि सर्वांत हलके असते, परंतु ते फार महाग असून उष्णतेला नाजूक आहे, म्हणून शेगडीच्या तंबूसाठी मी ते घेणार नाही. माझ्या तंबूची शिवण विक्रेत्याने बंद करून दिली नव्हती. ते काम मी घरी सिलिकॉन पातळ करून केले आणि त्यात एक अख्खा शनिवार गेला. ठिणग्यांनी आतापर्यंत तीन बारीक भोके पडली आहेत. या कापडाला साधी चिकटपट्टी धरत नाही. सिलिकॉनचाच थेंब लावावा लागतो.

उंदीर एकदाच आले, तेही आम्ही सुकामेव्याची पिशवी आत ठेवली म्हणून. अन्न आणि मांस अस्वलांमुळे तसेही तळापासून दूर, उंच टांगायचे असते. डासांसाठी सप्टेंबरच्या सुरुवातीला डोक्यावरची जाळी पुरली. जुलैत मात्र ती पुरली नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मित्रांनी हा तंबू पावसाळ्यासाठी मागवू नये. तेथे पाणी वरून येते तेवढेच जमिनीवरून वाहत येते, आणि जळवांना अडवायला तळच नसतो.

2025 च्या सप्टेंबरात आम्ही मोठा तंबू घरी ठेवला आणि सोबत्याने आणलेल्या, शेगडीची सोय नसलेल्या एक किलोच्या छोट्या, पिरॅमिडच्या आकाराच्या तंबूत राहिलो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोठा तंबू आणि शेगडी घेऊन गेलो. यापुढे हीच वाटणी ठेवणार आहोत, आणि हिवाळा संपेपर्यंत माझा स्वतःचा छोटा पिरॅमिड, पॉलिएस्टरचा, घेण्याचे ठरवले आहे.