६४-बिट कर्नल: उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या सर्व्हरवर काही महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत कास्टिंगची ड्रॉइंग्ज, टेस्ट सर्टिफिकेटं, एक्स-रेचे फोटो सगळं डेबियन या लिनक्सवर चालणाऱ्या एकाच सर्व्हरवर असतं. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा ३२-बिट कर्नल, म्हणजे मेमरी आणि हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, काढून ६४-बिट घातला. आता सुगी उरकली, म्हणून लिहितोय.

मशीनमध्ये १६ जीबी रॅम होती आणि निम्मी मोकळी दिसायची. तरी रात्रीचा बॅकअप सुरू झाला की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) डेटाबेसच मारून टाकायचा. सकाळी माल भरलेली गाडी गेटावर उभी आणि सर्टिफिकेट निघत नाही! ज्याला विचारावं तो म्हणायचा, रॅम वाढवा. मला ते पटेना, कारण मेमइन्फोत, म्हणजे कर्नलच्या मेमरीच्या हिशेबात, हायफ्री (वरची मोकळी रॅम) भरपूर होतं, तळ गाठला होता तो लोफ्रीनं, म्हणजे कर्नलच्या थेट हाताशी असलेल्या मोकळ्या रॅमनं.

३२-बिटमध्ये पत्त्यांची जागाच ४ जीबी. नेहमीच्या वाटणीत ३ जीबी प्रोग्रॅमला, १ जीबी कर्नलला, आणि त्यातून कर्नलच्या थेट हाताशी येते ती साधारण ८९६ एमबी रॅम. पीएई या प्रोसेसरमधल्या सोयीमुळे ६४ जीबीपर्यंत रॅम लावता येते खरी, पण फाइलींचे आयनोड (फाइलीची माहिती), डेंट्री (फाइलीचं नाव) अशा कर्नलच्या स्वतःच्या नोंदी त्या ८९६ एमबीतच मावायला लागतात. शेत वाढलं, खळं तेवढंच राहिलं. बॅकअप लाखो बारक्या फाइली चाळायचा आणि ती जागा भरून जायची. शिवाय कर्नल रॅमचे ४ केबीचे तुकडे, म्हणजे पानं, करतो आणि दर पानामागे ३२ बाइटची नोंद ठेवावी लागते. ६४ जीबी घातली असती तर ५१२ एमबी त्यातच गेली असती, म्हणजे दुखणं वाढलंच असतं.

डेबियनमध्ये बाकीची सिस्टिम ३२-बिट ठेवून नुसता कर्नल ६४-बिट घेता येतो. आम्ही तेच केलं. अकाउंटचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याचा सोर्स (मूळ लिहिलेला कोड) आता कुणाकडेच नाही, ते जसंच्या तसं चाललं. डेटाबेसला ३ऐवजी जवळजवळ ४ जीबी मिळू लागली. रॅम ६४ जीबी केली ती त्यानंतर. आता पानामागची नोंद ६४ बाइटची, म्हणजे १ जीबी त्यात जाते. जाऊ दे. ओओएम किलर परत दिसला नाही, आणि ड्रॉइंगचे मोठे फोल्डर दुसऱ्यांदा उघडताना चटकन उघडतात, कारण नोंदी कॅशमध्ये टिकतात.

त्रास झाला तो धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर जोडलेल्या सिरियल कार्डाचा. कार्ड चालवणारं ३२-बिट ड्रायव्हर मॉड्यूल ६४-बिट कर्नलमध्ये लोड होत नाही. सोर्स मिळाला म्हणून नव्यानं कंपाइल करून निभावलं. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर आधी त्याचा सोर्स शोधा, मग कर्नलला हात लावा.

पुढची मर्यादा आमच्यासारख्यांना लागणारच नाही. चार पातळ्यांच्या पेजिंगमध्ये (पत्त्यावरून रॅममधलं पान शोधायची पद्धत) लिनक्स ६४ टीबी रॅमपर्यंत जातो, आणि २०१७ च्या ४.१४ कर्नलपासून पाच पातळ्यांची सोय आली, तिची हद्द ४ पीबी, म्हणजे ४,०९६ टीबी. डेबियन १३ मध्ये तर ३२-बिट पीसीसाठी कर्नलच नाही. मच्छे-उद्यमबागेत जुने सर्व्हर अजून असेच चालू आहेत. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो (/proc/cpuinfo) फाइलीच्या फ्लॅग्जमध्ये ‘एलएम’ (lm) दिसलं तर प्रोसेसर ६४-बिट आहे, नवं मशीन घ्यायची गरज नाही.