व्ही-हल की कॅटमरान? खवळलेल्या पाण्यात पहिली शर्यत करायची असेल तर

यंदाच्या गणपतीत आरतीनंतर एक तरुण इंजिनिअर भेटला. पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडात साउदॅम्प्टनला आलेला. हात शिवशिवत होते आणि दोन जुन्या रेसिंग बोटी त्याने हेरून ठेवल्या होत्या. एक 28 फुटी खोल व्ही तळाची, म्हणजे तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता, दुसरी जवळपास तेवढीच कॅटमरान, म्हणजे दोन तळांची. मोदक हातात धरून पहिला प्रश्न, "काका, दोन्हींत जास्त कोणती पळते?"

कॅटमरान. त्यात वादच नाही. पण ती कुठे पळवणार, हे त्याने सांगितलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, "सोलंटमधून बाहेर, नीडल्सच्या पलीकडे." म्हटलं, मग मोदक संपव आणि बस इथे. त्याला जे सांगितलं ते थोडं नीट लावून इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न विचारणारा तो काही पहिला नाही.

आधी पाणी. आयल ऑफ वाइट बेट आणि इंग्लंडचा किनारा यांच्यामधली खाडी म्हणजे सोलंट. ओहोटीचं पाणी हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडातून पश्चिमेला सुसाट निघतं आणि इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे बरोब्बर समोरून येणारा. दोघांची टक्कर नीडल्सच्या खडकांपाशी होते. तिथल्या लाटा फार उंच नसतात, पण उभ्या असतात आणि एकीच्या पाठीवर दुसरी चढलेली असते. पुढे सेंट ऑल्बन्स हेड आणि पोर्टलंड बिल इथेही तळाशी खडकांच्या पायऱ्या असल्यामुळे पाणी कढईतल्यासारखं उकळतं. 1961 पासूनची काउझ-टॉर्की ही मोटरबोटींची शर्यत याच वाटेने जाते. फ्लोरिडातल्या की वेस्टचं पाणी वेगळं आणि दुबईचं त्याहून वेगळं. तिथल्या जाहिरातींचे व्हिडिओ बघून इथली बोट ठरवू नका.

खोल व्ही तळाची गोष्ट सुरू होते 1958 साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टला. अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या चाचण्या चालू होत्या. रे हंट या आरेखकाची एक छोटी मोटरबोट उसळत्या पाण्यातून सपासप जाताना बोटींचा व्यापारी डिक बर्ट्राम याने पाहिली आणि त्याने तशीच मोठी बोट करून मागितली. तोवरच्या वेगवान बोटींचा तळ नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, धारदार असे, पण मागे जाता जाता सपाट होत जाई. हंटने तो व्ही थेट मागच्या टोकापर्यंत तसाच नेला, दोन्ही बाजूंना सुमारे 24 अंशांचा उतार ठेवून. 1960 च्या मायामी-नासाउ शर्यतीत समुद्र चांगलाच खवळला होता. बर्ट्रामची 'मॉपी' 8 तासांत पोहोचली. दोन तासांनी दुसरी आली, तीही हंटच्याच तळाची. तिसरी उगवली दुसऱ्या दिवशी. एवढा निकाल पाहिल्यावर बाकीच्यांना वेगळं काही समजावण्याची गरज उरली नाही.

त्या उताराचं काम काय, हे गेटवेहून मांडव्याला स्पीडबोटीने गेलेल्यांना सांगायला नको. दुपारचा वारा सुटल्यावर हौसेने पुढे जाऊन बसलेला माणूस मांडव्याला उतरताना कंबर धरूनच उतरतो. बोट हवेतून खाली येते तेव्हा सपाट तळ पाण्यावर थापटीसारखा आपटतो. खोल व्ही सुरीसारखा आत शिरतो आणि तोच धक्का जरा जास्त वेळात वाटून देतो. मणक्याला एवढाच 'जरा जास्त वेळ' हवा असतो.

अर्थात फुकट काही नाही. खोल व्हीला पाण्यावर उचलून धरायला ताकद जास्त लागते, म्हणजे पेट्रोल जास्त. उभी असताना ती पाळण्यासारखी डोलते. बाजूने वारा असेल तर ती वाऱ्याच्या दिशेने कलते आणि तशीच कललेली पळते. मग लाट उताराऐवजी चपट्या अंगावर बसते. ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या टोकाच्या हलत्या पट्ट्या, वापरून तिला सतत सरळ धरावं लागतं. नव्या बोटींच्या तळाला आडव्या पायऱ्या असतात, त्यांतून हवा खेळते आणि वेग वाढतो. पण अशा बोटीचं भर वळणात घाबरून थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) सोडलंत, तर मागचं अंग निसटून ती भोवऱ्यासारखी फिरते. पहिल्या वर्षी पायऱ्यांची बोट नको, हे माझं मत. पटणार नाही अशी मंडळी भरपूर आहेत.

आता कॅटमरान. दोन अरुंद तळ आणि मधे बोगदा. वेग वाढला की बोगद्यात हवा कोंडते आणि बोटीला वर उचलते, म्हणजे ती अर्धी पाण्यावर आणि अर्धी हवेवर धावते. छोट्या, दाट लाटांवर ती व्हीपेक्षा मऊ चालते, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण खरंच तसं आहे. दोन्ही तळ लाटांच्या माथ्यांवरून जातात आणि खाली हवेची गादी असते. वळणातही ती फारशी कलत नाही. ब्रिटनमध्ये जेम्स बीअर्ड आणि क्लाइव्ह कर्टिस यांनी 1970 च्या दशकात 'कूगर' कॅटमरान आणल्या आणि हळूहळू क्लास वनची, म्हणजे खुल्या समुद्रातल्या सर्वांत वरच्या गटाची, अख्खी शर्यतच कॅटमरानची झाली. त्या बोटी आज ताशी 150 मैलांच्या वर जातात.

मग अडतं कुठे? बोगद्याच्या छताशी. लाटेचा माथा छताला लागत नाही तोवर कॅटमरान राणी आहे. लागायला लागला की प्रत्येक लाट खालून दणका देते, आणि छत सपाट असतं, तिथे व्हीचा उतार नाही. जुन्या कॅटमरानच्या छताला गेलेले तडे मी बॅटरी घेऊन, पाठीवर झोपून पाहिलेत. केसासारख्या बारीक रेषा असतात, पण हाताचं बोट आत जाईल इतका भाग मऊ पडलेला असतो. "मग वेग कमी करायचा" असं म्हणाल, तर तिथेच खरी मेख आहे. वेग कमी केला की हवेची गादी जाते, बोट खाली बसते आणि छत लाटांच्या आणखी जवळ येतं. व्ही बोट वीस-पंचवीस नॉटवर आणून, शिव्या देत का होईना, घरी आणता येते. मोठ्या समुद्रात कॅटमरानला असा मधला वेग फारसा उरत नाही.

दुसरं भय उलटण्याचं. नाळ ठराविक कोनाच्या वर गेली की तीच हवा बोटीला मागच्या मागे पालथी करते. स्तेफानो कासिरागी हा 1989 चा जगज्जेता. 3 ऑक्टोबर 1990 ला मोनाकोजवळ त्याची कॅटमरान लाटेवर उडून उलटली आणि तो गेला. म्हणून उघड्या कॉकपिटची जुनी कॅटमरान स्वस्तात मिळत असेल तर ती बागेत शोभेला ठेवा. बंद कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवर झाकण असलेली, घेतलीत तर तळातून बाहेर पडायची झडप उघडते का ते आधी बघा. शिवाय तुम्हाला पोहण्याच्या तलावात पालथ्या कॉकपिटमधून पट्टे सोडवून बाहेर यायची चाचणी द्यावी लागेल. डोकं खाली आणि नाकात पाणी असताना 'वर' कुठे हेच कळत नाही. एकदा करून बघा, मग बोलू.

आणि शांत समुद्रावरही विसंबू नका. फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा चालक दिदिए पिरोनी 1987 साली नीडल्स ट्रॉफीच्या शर्यतीत गेला, सोबतचे दोघेही गेले. निमित्त झालं एका तेलवाहू जहाजामागे उठलेल्या लाटेचं.

बोटीच्या निवडीत लोक एक गोष्ट विसरतात. खवळलेल्या पाण्यात सुकाणूपेक्षा थ्रॉटल धरणारा हात मोठा. क्लाइव्ह कर्टिसचा मुलगा स्टीव्ह निदान आठ वेळा क्लास वनचा जगज्जेता झाला, तो थ्रॉटलवर बसून. बोट लाटेवरून सुटली की तिला ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येतो आणि इंजिन किंचाळतं. त्याआधीच थ्रॉटल मागे यायला हवं आणि पंखा पुन्हा पाण्यात शिरण्याच्या क्षणी थोडं पुढे. उशीर झाला तर नाळ खाली जाते. पूर्ण उघडं ठेवून आपटलात तर गिअर आणि शाफ्ट तुटतात. व्ही बोटीत हे प्रत्येक लाटेला करावं लागतं, मिनिटाला कितीतरी वेळा. म्हणजे ती दमवते, पण शिकवतेही. कॅटमरानमध्ये हाताला तेवढं काम नसतं, आणि जेव्हा पडतं तेव्हा चूक दुरुस्त करायला वेळ नसतो.

माझी चूक व्ही बोटीत झाली म्हणून ती सांगायला मी आहे. समोरच्या लाटांत नाळ खाली राहावी म्हणून पुढे पाण्याची टाकी असते. पश्चिमेला जाताना आम्ही ती भरली. बोया वळून पूर्वेला लागलो, आता लाटा मागून येत होत्या, आणि टाकी रिकामी करायचं काम माझं होतं. विसरलो. सेंट ऑल्बन्सपाशी एका लाटेच्या माथ्यावरून पुढच्या खळग्यात उतरलो ते थेट पाण्याच्या आत. समोरची काच हिरवी झाली, मग काच नव्हतीच, आणि मांडीवर समुद्र. बोट थरथरून वर आली. चालवणारा मित्र काही बोलला नाही, फक्त टाकीच्या खटक्याकडे बोट दाखवलं. पुढचे तीन आठवडे मी खाली वाकून बूट घालू शकत नव्हतो. कॅटमरान अशीच दोन्ही नाकं खुपसून गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी बुटांच्या नाड्या बांधताना अजूनही करतो.

तिसरा पर्याय म्हणून कुणीतरी रिब सुचवेलच, म्हणजे हवेच्या नळ्यांची. खाली व्ही तळच असतो, नळ्यांमुळे ती बुडायला कंटाळते आणि दुसऱ्याला मदत करायला जवळ जाता येतं. शिकायला उत्तम. पण शर्यत करायची हौस असेल तर वर्षभरात विकाल. आणि मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन या शर्यतीच्या ज्या बोटी धावल्या, त्या सगळ्या एकाच बनावटीच्या होत्या, एकेका आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेल्या) इंजिनाच्या आणि व्ही तळाच्या. सगळ्यांना सारखी बोट द्यायची ठरली तेव्हा त्यांनीही व्हीच निवडली.

तर पुण्याच्या इंजिनिअरला मी सांगितलं, साधी, बिनपायऱ्यांची 28 फुटी व्ही घे आणि दोन मोसम तिच्यावर हात बसव. पुढे सपाट पाण्याच्या सर्किटवर जायचं ठरलं, तर कॅटमरान घे आणि मलाही बसव. आत्ता मात्र तिची फक्त वळणं बघ.

बोट बघायला जाल तेव्हा खिशात एक जाड नाणं ठेवा. बाहेरून तळावर, नाळेपासून मागपर्यंत, वीतभर अंतराने टिचक्या मारत जा. टण् टण् आवाज एकसारखा आला पाहिजे. कुठे तो एकदम बसका, ओल्या लाकडावर मारल्यासारखा आला, तर तिथे थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय. मालक म्हणेल, "तिथे आतून टाकी आहे." तर टाकी दाखवायला सांगा.