दहापट भिंग: पान उलटं केलं आणि मोगरा ओळखला

अनंत म्हणून आणलेलं रोप मी दोन वर्षं जिवापाड सांभाळलं आणि फुललं तेव्हा ते डबल तगर निघालं. नर्सरीच्या पट्टीवर 'अनंत' असंच लिहिलेलं होतं. एक पान तोडून पाहिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, कारण तगरीतून पांढरा चीक येतो, अनंतातून येत नाही. त्या हळहळीपायी हे घडीचं, तीन काचांचं दहापट भिंग घेतलं. आठ महिने रोज वापरते आहे.

तगर-अनंतासाठी भिंग लागत नाही, हे आधीच सांगते. जाईसाठीही नाही, तिचं पान अनेक पर्णिकांचं असतं आणि कळी बाहेरून गुलाबी झाक मारते. भिंग खरं कामाला येतं मोगरा आणि कुंदा यांच्यात. दोघांचीही पानं साधी, समोरासमोर, फुलं पांढरी. बहर नसला की माझी हमखास गल्लत व्हायची. आता पान उलटं करते. मोगऱ्याच्या पानामागे, मधल्या शिरेला बाजूची शीर जिथे फुटते त्या बेचक्यात, केसांचा इवलासा पुंजका असतो. बाकी पान जवळजवळ गुळगुळीत. कुंद्याची कोवळी फांदीच मखमलीसारखी लवेने भरलेली, कळीच्या बुडाचे हिरवे दोरेसुद्धा लवदार. तो पुंजका पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कितीतरी वेळ कुंडीपाशीच बसून होते!

कुंतीचं पान उजेडावर धरून पाहा, तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. लिंबाच्या कुळाची ती खूण.

काच उत्तम आहे, कडेला रंगांची झालर उमटत नाही. मात्र भिंग डोळ्याला भिडवून पान अडीच सेंटीमीटरवर आणावं लागतं. हात लांब करून धरलं तर सगळं धुरकट. त्यातला दिवा मी बंदच ठेवते, समोरून उजेड पडला की लव विरून जाते, तिरप्या उन्हात ती लख्ख दिसते. दोरी ओवायला भोक नाही, ही माझी खरी तक्रार; दोनदा मातीत पडलं. बिजागरीही सैल झाली आहे, स्क्रू अधूनमधून आवळावा लागतो.

वीसपटीच्या मोहात पडू नका. एवढ्याशा जागेत शीर सापडतच नाही आणि हात जरा हलला की पान निसटतं.