बेगोनिया बोलिव्हिएन्सिस : नाशिकच्या गॅलरीत वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या गॅलरीतली लाल-केशरी फुलं खालच्या रस्त्यावरून दिसतात, त्यामुळे पावसाळाभर एकच प्रश्न येतो: नाशिकमध्ये कंदाचा बेगोनिया टिकतो का? टिकतो. पण कुठला घेता आणि कोणत्या महिन्यात लावता, यावर सगळं आहे.

माझ्याकडचा बेगोनिया बोलिव्हिएन्सिस ही मूळ रानटी जात. बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनात, अँडीजच्या पूर्व उतारावरच्या दमट जंगलांत, झाडांच्या सावलीत आणि ओल्या कड्यांच्या कपारीत तो वाढतो. कोरडा हंगाम आला की वरचं खोड-पान टाकून देतो आणि कंदावर दिवस काढतो. १८६४ च्या सुमारास रिचर्ड पिअर्स या वनस्पतिसंग्राहकाने तो इंग्लंडच्या व्हीच नर्सरीसाठी पाठवला. १८७० मध्ये त्याच्यापासून केलेला संकर बाजारात आला आणि पुढे मोठ्या, भरगच्च पाकळ्यांच्या बेगोनियांची बरीच घराणी त्यातून वाढली. थंड हवेच्या ठिकाणी आपण ज्यांचे फोटो काढतो ते हेच. ते संकर आपल्याकडच्या उकाड्यात लवकर सडतात. हा पूर्वज त्या मानाने पुष्कळ काटक आहे.

दोन कंद ऑनलाइन मागवले. पाकिटावर दोन्हीचं नाव एकच होतं, निघाला मात्र एकच खरा. दुसऱ्याला रुंद पानं आणि दुहेरी गुलाबी फूल आलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. म्हणून सांगते, फुलापर्यंत थांबू नका, पान बघा. बोलिव्हिएन्सिसचं पान अरुंद, लांबट, टोकदार आणि दातेरी कडेचं असतं, देठापाशी एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. खोड मांसल, आधी सरळ वाढतं आणि मग कुंडीच्या काठावरून खाली झुकतं.

लागवड मेअखेरीस केली. कंदाची खोलगट बाजू वर ठेवायची, डोळे तिथेच फुटतात. त्या खोलगट भागात पाणी साचलं तर कंद गेलाच म्हणून समजा, त्यामुळे वरून मातीचा अगदी पातळ थर. आपली काळी माती याला अजिबात चालत नाही. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं पानांचं खत आणि भरपूर पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) घेतलं, तेही टांगत्या कुंडीत. कुंडीसाठी पूर्वेची बाजू निवडली: सकाळचं कोवळं ऊन, नंतर सावली. पश्चिमेच्या गॅलरीत ठेवायचाच असेल तर शेडनेट हवंच.

जून-जुलैत काही करावं लागलं नाही. पावसाची झड आत येत नाही ना आणि गोगलगाय चढत नाही ना, एवढंच बघायचं. ऑगस्टपासून फुलं धरली, आणि त्या दिवसांसाठी हे झाड घ्यावं. फूल लांबट, अरुंद, खाली लोंबणारं. पाकळ्यांची टोकं थोडी बाहेर वळलेली, रंग शेंदरी-लाल. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. फूल उलटं करून बघा, मादी फुलाच्या पाठीशी तीन पंखांचं बीजकोश लागलेलं दिसतं. नर फुलात तो पंख नसतो, आत पिवळे पुंकेसर असतात. नर फुलं लवकर गळतात, ती मातीवर कुजू देऊ नका. मी रोज संध्याकाळी वेचते.

खरी परीक्षा पाऊस ओसरल्यावर. पानांवर पांढरी पूड, म्हणजे बुरशी, दिसायला लागली. दिंडोरीला मामांची द्राक्षबाग आहे, त्यांना फोटो पाठवला तर लगेच म्हणाले, "अगं, ही भुरी. हिला पाऊस लागत नाही, कोंदटपणा पुरतो. आधी पानं विरळ कर, हवा खेळू दे. गंधक मारायचंच झालं तर भर उन्हात मारू नको, पान जळेल." आतली दाट पानं काढली, कुंडी भिंतीपासून लांब टांगली आणि पाणी पानांवर न घालता मातीत घालायला लागले. गंधकाची वेळ आली नाही.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली की बरेच जण घाबरून पाणी आणि खत वाढवतात. तसं करू नका. दिवस लहान झाले की या गटातले बेगोनिया फुलांकडची ताकद कंदाकडे वळवतात. युरोपच्या उन्हाळ्यात दिवस फार लांब असतात, आपल्याकडे जूनमध्येही सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणून परदेशी व्हिडिओत दिसतो तितका लांब बहर इथे धरू नका. खोडं आपोआप गळून पडू द्या, मग कंद कोरड्या कोकोपीटमध्ये, थंड सावलीच्या जागी ठेवा. नाशिकची थंडी त्याला बाधली नाही, कारण तो कोरडा होता. एप्रिलचा उन्हाळा जास्त नाजूक: कंद सुरकुतायला लागला तेव्हा कोकोपीटवर हलका शिडकावा केला, आणि ते पुरलं. आता त्यावर गुलाबी कोंब दिसताहेत.

म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष कुंडी रिकामी. ज्यांना बारमाही हिरवं हवं त्यांनी हा घेऊ नये. मला हा क्रम पटतो, कारण आपला सह्याद्रीतला रानबेगोनिया, बेगोनिया क्रेनाटा, हेच करतो: पावसात ओल्या कातळावर गुलाबी फुलतो, नंतर कंदात जातो. तो बघायला घाटात जरूर जा, पण कृपा करून उपटून आणू नका. कुंडीत लावायला विकतचे कंद आहेत.

घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंच टांगा, बेगोनियाचा कंद त्यांना विषारी असतो. मागवायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये, कंद झोपेत असताना मागवा, आणि हातात आल्यावर दाबून बघा. घट्ट लागला तर ठेवा, मऊ लागला तर त्याच दिवशी परत पाठवा.