दाराजवळच्या बाकासाठी साग की बाभूळ?

दारातून आत आल्यावर टेकून चपला काढायला बाक, खाली जोड्यांसाठी दोन फळ्या. एवढंच काम, पण जळगावच्या घरासाठी लाकूड निवडताना आधी उन्हाळा आठवावा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरून फुगतं.

सागाचा मोठा गुण इथेच. त्यात नैसर्गिक तेल असतं, आकुंचन-प्रसरण कमी, गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. रंधा मारला की पातळ, गुंडाळलेली सालपटं सुटतात आणि चामड्यासारखा वास येतो. मात्र कडेचं पांढरट लाकूड गळ्यात मारलं तर हे गुण मिळत नाहीत. पैसे मोजताना गाभाच मागा.

बाभूळ आपल्या शिवारातली. बैलगाड्या आणि औतं तिचीच व्हायची, कारण ती धक्के सोसते. पण जड, पटाशी लवकर बोथट करते, आणि घाईत वाळवली तर चिरते. माझ्या पहिल्या बाकाची फळी होळीनंतर बोटभर तडकली. ओलं लाकूड चिरून लगेच जोडलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे: पाय आणि चौकट वाळलेल्या बाभळीची, बसायची फळी सागाची. फळी चौकटीला चिकटवू नका; स्क्रूंची भोकं थोडी लांबट ठेवा, म्हणजे तिला रुंदीत हलायला जागा मिळते. बसायची उंची 18 इंच. घरात गुडघेदुखी असेल तर 19. वरून जवसाचं तेल, पातळ हाताने तीनदा. तेलाचं फडकं चुरगळून ठेवू नका, ते आपोआप पेटू शकतं; मोकळ्यावर पसरून वाळवा.